सासूबाईंची कवळी

व्हिसा मिळाला आणि बायकोचा चेहरा पडला. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. त्याने पासपोर्टचं पान उघडून तिच्या नाकासमोर धरलं, तिने त्यावर चिकटवलेला तो चकचकीत रंगीत कागद पाहिला, आणि तिच्या गालांमधली हवा कुणीतरी काढून घेतली. मग तिने ती पुन्हा भरली, "अरे वा!" म्हणाली आणि वळून शेगडी बंद केली. शेगडी आधीपासून बंदच होती. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याच्या हे लक्षातही आलं नसतं. पण तो कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवत, तो त्यावरून प्लास्टरचे जबडे ओते, मेणात दात बसवी आणि तयार कवळी परत धाडून देई. तोंडाचा मालक त्याला कधी दिसत नसे. नाकाखालचा माणूस मात्र त्याला पाठ होता. ओठ कुठे टेकले म्हणजे समाधान, कुठे ओढले गेले म्हणजे पोटात काहीतरी आहे, हे त्याला इतक्या वर्षांत आपोआप कळू लागलं होतं. बायकोचा वरचा ओठ ओढला गेला होता.

"आनंद नाही झाला?"

"झाला की! अहो, किती झाला!"

हे 'अहो' वाईट. त्याची आई फोनवर बोलताबोलता वडिलांना हाक मारायची, त्यातून बायकोने तो एकच शब्द उचलला होता आणि तो ती दोनच प्रसंगी वापरायची: काही हवं असलं तर, नाहीतर काही लपवायचं असलं तर. आत्ता तिला काही हवं असण्याचं कारण नव्हतं. तो पासपोर्ट हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला. शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगायला घरी धावत यावं आणि घरात पाहुणे बसलेले असावेत, तसं त्याचं झालं.

हा कागद मिळवण्यात त्याची तरुणपणाची बरीचशी वर्षं गेली होती. दोघांचे देश वेगळे. आणि राहायला दोघं तिसऱ्याच देशात, जिथली भाषा दोघांनाही भाड्याच्या घरासारखी होती. राहायला ठीक, पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही. भांडणसुद्धा त्याच भाषेत करायचं म्हणजे दर वाक्याला क्रियापद शोधावं लागे आणि ते सापडेपर्यंत राग निवून जाई. त्यांचा संसार टिकण्यामागे हे एक कारण होतंच. बायकोचा पासपोर्ट असा की नुसता दाखवला की दारं लाजून उघडत. त्याचा दाखवला की दार आधी त्याच्या चपलांकडे बघे. बायकोच्या देशाच्या कचेरीत काचेपलीकडे एक बाई बसायची. तिने पहिल्या वेळी सांगितलं, तुम्ही इथे परत याल याला सबळ कारण दिसत नाही. दुसऱ्या वेळी तो पिशवीभर सबळ कारणं घेऊन गेला: घराचा करार, मालकाचं पत्र, दंतवैद्यांची शिफारस. तर म्हणाली, इतकं सगळं इथे आहे तर तिकडे जाताच कशाला? तिसऱ्या वेळी सासरे अत्यवस्थ होते. तेव्हा तिने बरंच वाकून, अगदी आपुलकीने समजावलं की असा तातडीचा अर्ज तुम्ही तुमच्या मूळ देशात जाऊन केला पाहिजे. सासऱ्यांनी तेवढी वाट पाहिली नाही. चौथ्या वेळी लग्न खरं आहे कशावरून, असा मुद्दा निघाला. त्याने फोटो पुढे सरकवले. बाईने ते पत्त्यांसारखे पिसले आणि म्हणाली, "दोघं फारच हसताय." पाचव्या वेळी त्याने मुद्दाम एक फोटो असा नेला ज्यात दोघं समुद्रकिनाऱ्यावर एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. बाईने पहिल्यांदाच ओळखीने मान डोलावली. नकार मात्र आलाच. फोटोचा आकार चुकला होता.

दर वेळी बायको एकटी गेली. वडील आजारी होते तेव्हा, वडील गेले तेव्हा, भावाच्या लग्नात, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. ती परत आली की तो विमानतळावर उभा असे आणि पहिलं काय विचारे, तर "आई काय म्हणाली?" बायको म्हणे, "तुझी आठवण काढली." त्याला बरं वाटे. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही त्याची आठवण कशी काढतात, हा विचार त्याच्या मनात एकदोनदा येऊन गेला होता. पण तो स्वतः जन्मभर न पाहिलेल्या माणसांच्या तोंडात दात बसवत आला होता, त्यामुळे त्याला त्यात अशक्य काही वाटलं नाही.

बरं, न्याय दोन्हीकडे सारखाच होता. त्याची आई दवाखान्यात होती तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशाने बायकोकडे एका कागदावर एका कचेरीचा शिक्का मागितला, आणि ती कचेरी रंगकामासाठी बंद होती. शिक्का मिळाला तोवर आई गेली होती. तो एकटाच घरी पोचला. माणसं येत होती, बसत होती, उठत होती, आणि त्याची मोठी बहीण प्रत्येकाला पाणी देतादेता सांगत होती, "सूनबाईंना कुठला वेळ! मोठी माणसं ती." शेवटी तो तिला आतल्या खोलीत घेऊन गेला.

"ताई, अगं व्हिसा नाही मिळाला तिला. किती वेळा सांगू?"

"मनात असलं की मिळतो."

"तो काय बाजारात मिळतो? सरकार देतं."

"मग काय, आपल्या सरकारने आपल्याच सुनेला अडवलं? शोभतं का रे असं चारचौघांत बोलायला? त्यापेक्षा तिला वेळ नव्हता हे बरं."

परत आल्यावर त्याने हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं होतं. आपल्या माणसांचा कोतेपणा परक्या माणसाला रंगवून सांगण्यात एक सूक्ष्म सुख असतं, ते त्याने पुरेपूर घेतलं होतं. बायको हसली होती. जरा जास्तच वेळ हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली होती. आईसाठी रडत असेल, असं त्याला वाटलं होतं. बिचारीने पाहिलीही नव्हती.

आणि तिची आई त्याने पाहिली नव्हती असं तरी कसं म्हणायचं? काही वर्षांपूर्वी बायको माहेरून आली ती बिस्किटांच्या डब्यात टॉवेलमध्ये गुंडाळून आईचे दोन्ही जबडे घेऊन. तिथल्या डॉक्टरने मापं घेऊन प्लास्टर ओतून दिलं होतं. जबडे टेबलावर ठेवून ती म्हणाली होती, "तिथली कवळी तिला टोचते. तू कर ना." त्याने त्या कवळीवर जितका जीव ओतला तितका कुणाच्याच कवळीवर ओतला नव्हता. रात्रंदिवस त्याच्यासमोर सासूबाईंच्या हिरड्या. डावीकडची कड उजवीपेक्षा झिजलेली, म्हणजे बाई डावीकडून खाणारी, हट्टी. टाळू उंच, म्हणजे आवाज मोठा असणार. त्याने दात अगदी पांढरेशुभ्र लावले नाहीत. वयाला शोभतील असे किंचित पिवळसर निवडले, समोरचा एक केसभर तिरपा बसवला, म्हणजे कुणाला खोटे वाटू नयेत. कवळी गेली. बायकोचा तिकडून फोन आला, "अरे, बसली! सफरचंद खाल्लं तिने!" त्या दिवशी त्याने कारखान्यात सगळ्यांना चहा पाजला होता. जावई म्हणून माणसाला घरात जी जागा मिळते, ती आपल्याला थेट तोंडातच मिळाली, असं तो विनोदाने म्हणे.

आता व्हिसा मिळाला होता आणि बायको कारणं शोधत होती. तिकडे सध्या थंडी फार आहे. घराचं रंगकाम निघालंय. आईला पाहुण्यांचा शीण होतो. "मी पाहुणा?" त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तसं नाही रे," आणि मग बराच वेळ कसं ते सांगितलं नाही. बायको एका दवाखान्यात दुभाषी होती. परक्या रोग्यांचं डॉक्टरांना आणि डॉक्टरांचं रोग्यांना सांगायचं. कामावर रुजू होताना तिने शपथ घेतली होती की पदरचं घालणार नाही आणि ऐकलेलं गाळणार नाही. त्यामुळे घरी ती काही गाळायला लागली की लगेच कळे. सवय नसलेल्या माणसाने सिगारेट ओढावी तसं ते दिसे.

उलगडा केला तो मेहुण्याने. तो तिकडे एका हॉटेलात काउंटरवर असायचा, त्यामुळे त्याला ही भाड्याची भाषा येत होती. हॉटेलवाल्यांना येते तशी, म्हणजे अपमानसुद्धा 'कृपया' लावून करण्याइतकी. त्याचा फोन आला तेव्हा बायकोचे हात कणकेत होते. तिने कोपराने फोन घेतला, तो स्पीकरवर गेला आणि 'हॅलो' नवऱ्यानेच म्हटलं.

"काय जावईबापू! ऐकलं ते खरं का? उपकार करायचे ठरवलेत म्हणे!"

"उपकार कसले? व्हिसा—"

"नाही, आईला सांगायच्या आधी म्हटलं विचारून घ्यावं. मागच्यासारखं ऐनवेळी काम नको निघायला. म्हातारीने गादी उन्हात टाकली होती हो तुमच्यासाठी."

"कसलं काम?"

"तेच, तुमचं मोठं काम. बाबा गेले तेव्हा निघालं होतं ते. माझ्या लग्नात निघालं होतं ते. कृपया राग मानू नका, पण दातच करता ना तुम्ही? का राष्ट्राध्यक्षांचे करता?"

बायकोने कणकेच्या हाताने फोन बंद केला. फोनवर पीठ राहिलं. तो त्या पिठाकडे पाहत राहिला. काहीतरी फार मोठं कळलं आहे हे त्याला समजलं, पण ते अजून आत उतरत नव्हतं. भूल दिलेल्या ओठासारखं ते बाहेरच जड होऊन लोंबत होतं.

"तू त्यांना सांगितलंस, मला यायचं नाही म्हणून?"

"यायचं नाही असं नाही म्हटलं. वेळ नाही म्हटलं."

"पाच वेळा?"

"दर वेळी वेगळं काहीतरी. एकदा तुला लांबचा प्रवास सोसत नाही म्हटलं. एकदा..." ती थांबली. "एकदा म्हटलं, तो असाच आहे."

"असाच म्हणजे?"

तिने हात धुतले, अगदी नखांतलं पीठ निघेपर्यंत धुतले, आणि समोर बसली. "तुला माझी आई माहीत नाही," ती म्हणाली, आणि हे वाक्य दोघांनाही एकदमच बोचलं. "तिने जन्मभर सरकारी कचेरीत परवान्यांवर शिक्के मारले. तिच्यासाठी सरकार म्हणजे... देव नाही, देवाचं चुकू शकतं. आमचं सरकार उगाच कुणाला नाही म्हणत नाही, हे ती अजून रोज म्हणते. मी जर सांगितलं असतं की तुला आत येऊ देत नाहीत, तर तिने काय विचारलं असतं? 'काय केलंय त्याने?' एवढंच. मी कितीही सांगितलं असतं, काही नाही केलं, तरी ती म्हणाली असती, तुला माहीत नसेल, सरकारला माहीत असेल. मग ती झोपली नसती. मला घरी घेऊन जायला आली असती. माझ्यासमोर दोनच जावई होते. एक गुन्हेगार, एक माजोरडा. मी माजोरडा घेतला."

त्याला हसू आलं. म्हणजे हसण्याचा आवाज आला. तो आपलाच आहे हे त्याला जरा उशिरा कळलं. त्याला ताई आठवली, तिच्या हातातला पाण्याचा तांब्या आठवला. ताईला इथली भाषा येत असती तर तिचं आणि बायकोचं किती छान जमलं असतं! आपापल्या देशाचं नाक वर राहावं म्हणून घरातल्याच माणसाचं कापायचं, हे दोघींनी एकमेकींना न भेटता, न विचारता, हुबेहूब केलं होतं. आणि त्याला सर्वांत जास्त राग आला तो याचा की बायकोचं म्हणणं चूक आहे असं त्याला एका जागीही दाखवता येईना. भाड्याच्या भाषेत त्यासाठी लागणारं क्रियापद नव्हतं. त्याच्या स्वतःच्या भाषेतही नसावं.

त्याने विचारलं, "आणि कवळी?"

तिने फोनवरचं पीठ पुसायला घेतलं.

"कवळी कुणी केली म्हणून सांगितलंस?"

"दुकानातून आणली म्हटलं. मोठ्या." मग हळूच, "तू केलीस म्हटलं असतं तर तिने तोंडात घातली नसती रे."

म्हणजे इतकी वर्षं ती बाई त्याने बसवलेल्या दातांनी जेवत होती, आणि जेवण झालं की त्याच दातांनी त्याचा उद्धार करत होती. त्याने ते मनातल्या मनात पाहायचा प्रयत्न केला. समोरचा तो केसभर तिरपा दात त्याचं नाव घेताना बाहेर दिसत असेल. त्याचं नाव दंत्य अक्षराने सुरू होत होतं. जीभ दाताच्या मागे टेकल्याशिवाय ते उच्चारताच येत नव्हतं.

"मी येणार," तो म्हणाला. "तुला नको असलं तरी."

"ये ना. तुला कोण अडवतंय?" हे वाक्य या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं.

निघेपर्यंतच्या दिवसांत त्याने कारखान्यात, यंत्राच्या आवाजाचा आडोसा घेऊन, मोबाइलवरून बायकोच्या भाषेतलं एक वाक्य पाठ केलं. 'आई, मला यायचं होतं, तुमच्या सरकारने येऊ दिलं नाही.' छोटंसं वाक्य, पण त्यात घशातून काढायचे दोन आवाज होते. प्लास्टरचे जबडे पुढ्यात घेऊन तो ते घोटत राहिला. हे वाक्य सासूबाईंच्या समोर म्हणायचं. दुभाष्याशिवाय. पुढे काय व्हायचं ते होवो. गुन्हेगार तर गुन्हेगार. निदान स्वतःच्या नावावरचा गुन्हेगार.

विमानतळावर बायको एका यंत्राला तोंड दाखवून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पलीकडे गेली आणि सामान घेऊन काचेमागे उभी राहिली. तो दुसऱ्या रांगेत. काचेतून ती त्याला हातवारे करत होती, तो तिला. भेटीच्या दिवशी तुरुंगात असतं तसं. खिडकीतल्या तरुणाने व्हिसा उलटसुलट पाहिला, नखाने कड खरवडून पाहिली.

"येण्याचं कारण?"

"सासूबाईंना भेटायचंय."

"त्या तुम्हाला ओळखतात?"

"चांगल्याच," तो म्हणाला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, रंगकाम वगैरे काही निघालेलं नव्हतं. जिन्यात उकडलेल्या बटाट्यांचा वास. दार उघडलं आणि त्याने आधी काय पाहिलं असेल तर तोंड. कवळी तीच, त्याचीच. पण बसत नव्हती. इतक्या वर्षांत हिरड्या आक्रसल्या असणार. खालची डावी कड रुतत होती. बाई ओठ मिटताना गाल आतून सावरून घेत होत्या. सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दोन शब्द बोलल्या आणि आत गेल्या. "आई म्हणते, दमला असशील," बायको म्हणाली. ते दोन शब्द 'चपला काढ' असे असावेत, असं त्याला चपला काढताना वाटलं.

आणि मग दिवस जाऊ लागले. त्याचं वाक्य जिभेवर तयार होतं, पण त्याला जागाच मिळेना. सासूबाई त्याच्याशी दोन शब्दांपेक्षा जास्त बोलतच नव्हत्या. ताटात वाढत, खुर्ची दाखवत, गादी झटकून देत. एखाद्या कचेरीत नियमाप्रमाणे सगळं मिळावं तसं सगळं मिळे. मेहुणा येऊन पाय पसरून बसे आणि "कृपया अजून घ्या, परत कधी वेळ मिळेल न मिळेल," म्हणे. त्याला वाटे, हा त्यांचा राग आहे. गप्प बसून माणसाला वाळवायचं, हीही एक पद्धत असते. पण जेवताना त्याचं लक्ष त्या जबड्यावर जाई. बाई पोळीसुद्धा कालवणात बुडवून, मऊ करून, उजवीकडे सारून गिळत होत्या. बोलताना खालची कवळी उचलली जाई आणि टक् असा आवाज झाला की त्या तिथेच थांबत. तिसऱ्याचौथ्या जेवणाला त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सासूबाई गप्प नव्हत्या. त्यांना बोलायचं होतं, बोलवत नव्हतं. त्याच्यासाठी साठवलेलं सगळं त्या दुखऱ्या कडेमागे अडकून राहिलं होतं.

एका दुपारी त्या झोपल्या असताना तो न्हाणीघरात गेला. आरशाखाली पेल्यात कवळी. त्याने ती बाहेर काढली, ओल्या तळव्यावर घेतली. आपण केलेलं काम असं वापरून झिजलेलं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या हातून सगळं कोरंच जायचं. दाढांचे कंगोरे गुळगुळीत झाले होते, तिरप्या दाताला चहाचा रंग चढला होता. यात काय काय चावलं गेलं असेल. त्याने दाढीच्या पिशवीतून बारीक कानस काढली, पॉलिशचा कागद काढला. रुतणारी जागा कुठली हे त्याला विचारायची गरज नव्हती. तो जबडा त्याला अजून पाठ होता. पोरकट, अगदी पोरकट मोह होता तो: नाही दुरुस्त केली तर? परतीच्या दिवसापर्यंत दोन शब्दांवर निभावेल. दोन शब्दांत माणसाचा कितीसा अपमान करता येतो? तो हा विचार करत होता आणि त्याचे हात घासायला लागलेही होते. हातांना त्याचं काही ऐकायची सवय नव्हती.

दार किलकिलं झालं. बायको. तिने पेला पाहिला, कानस पाहिली, त्याच्या बोटांवरची गुलाबी भुकटी पाहिली. तिचा वरचा ओठ ओढला गेला. मग तिने दार अलगद लावून घेतलं आणि बाहेर, दाराला पाठ लावून, ती उभी राहिल्याचं त्याला फटीखालच्या सावलीवरून कळलं. आतून घासण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून की काय, ती जरा मोठ्याने गुणगुणू लागली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मेहुणाही होता. सासूबाईंनी पहिला घास नेहमीसारखा उजवीकडे नेला. थांबल्या. जीभ तोंडात डावीकडे फिरली. मग त्यांनी हात लांबवून टोपलीतलं सफरचंद उचललं, सुरी न मागता थेट तोंडाला लावलं आणि डावीकडून चावलं. कर्रकन आवाज झाला. मेहुणा दचकून वर बघायला लागला. बाईंनी तो घास शांतपणे, पूर्णपणे चावून खाल्ला. सफरचंद बशीत ठेवलं. तोंड पुसलं. खुर्ची त्याच्याकडे वळवली, आणि सुरू झाल्या.

तो ऐकत होता. अर्थ कळत नव्हता, आवाज कळत होते. एकही अक्षर घसरत नव्हतं. टक् नाही, शीळ नाही. टाळू उंच, म्हणजे आवाज मोठा असणार, हा त्याचा अंदाज बरोबर होता. घशातले आवाज घशातून, दातांचे दातांवरून, सगळे जागच्या जागी. त्याचं नाव तर इतकं स्वच्छ आलं की त्याने नकळत पाठ ताठ केली. बाईंनी शेवटी टेबलावर बोट आपटलं आणि थांबल्या.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

मेहुण्याचं तोंड उघडलंच होतं. बायकोने हात वर करून त्याला थांबवलं. "मी सांगते." तिने खुर्ची जरा मागे घेतली, आईपासून आणि त्याच्यापासून सारख्या अंतरावर, आणि तिचा आवाज बदलला. दवाखान्यातला आवाज. दुभाष्याने 'ती म्हणते' असं म्हणायचं नसतं. बोलणाऱ्याच्या तोंडी 'मी' असेल तर 'मी'च म्हणायचं असतं. बायको त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाली:

"मी तुमची फार वाट पाहिली. माझा नवरा जाताना म्हणत होता, जावई आला का बघा. मी त्याला खोटंच सांगितलं, जिन्यात आहे म्हणून. मुलाच्या लग्नात तुमची खुर्ची रिकामी ठेवली आणि लोकांना तोंड देता देता माझी पुरेवाट झाली. आम्ही लहान माणसं आहोत, पण आमचा देश कुणाला दार बंद करत नाही. तुमच्यासाठी ते सताड उघडं होतं. तुम्हाला उंबरा ओलांडायचा कंटाळा आला. माझी मुलगी दर वेळी तुमची बाजू घेते. म्हणते, आई, तो तसा नाही. तिचा चेहरा पाहून मला कळतं, खोटं बोलतेय." बायको इथे थांबली नाही. घोटभर पाणीही प्यायली नाही. "मला तुमच्याकडून एकच ऐकायचंय. का नाही आलात?"

वाक्य त्याच्या जिभेवर होतं. घशातल्या दोन्ही आवाजांसकट. त्याने तोंड उघडलं. बायको त्याच्याकडे पाहत होती. त्या नजरेत विनवणी नव्हती, भीती नव्हती, काहीच नव्हतं. तो जे म्हणेल ते ती पलीकडे पोचवणार होती, पदरचं न घालता, काही न गाळता. आणि ते वाक्य तर पोचवायचीही गरज पडणार नव्हती. सासूबाई थोड्या पुढे झुकल्या होत्या. वय झालं होतं त्यांचं. हनुवटी थरथरत होती, पण कवळी हलत नव्हती. या वयात या बाईकडे काय उरलं होतं? एक मुलगा, तो हॉटेलात. एक मुलगी, ती खोटं बोलणारी. एक सरकार, ते मात्र खरं. त्याने ते वाक्य गिळलं. बरंच मोठं निघालं ते.

"त्यांना सांग," तो भाड्याच्या भाषेत म्हणाला, "कामं होती."

बायकोने सांगितलं, शब्दाला शब्द. सासूबाई मागे टेकून बसल्या, सगळे कागद जागेवर सापडल्यासारखी मान हलवली, आणि उरलेलं सफरचंद खायला घेतलं.